बँडस्टँडसमोरचा बाक

१. साहेब बसतात

आमच्या कठड्याच्या शताब्दीला तीन दिवस उरले असताना तिथला सर्वांत जुना बाक नाहीसा झालाय, हे नगरपालिकेच्या नव्या साहेबांच्या लक्षात आलं. लक्षात येण्यासाठी त्यांना त्यावर बसावं लागलं.

फोटो काढायचा होता. साहेब कोटाचं बटण लावून, मागे न बघता बसले. मोठी माणसं बसताना मागे बघत नाहीत, त्यांच्या मागे काहीतरी असतंच. या वेळी नव्हतं.

त्यांना उठवून, झटकून उभं केल्यावर आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. फरशीत बोल्टांची चार भोकं होती. त्यावर बाक नव्हता.

बाक म्हणजे काही छत्री नव्हे, कुठेतरी विसरून राहायला. बुडालेल्या जहाजाचं लोखंड वितळवून ओतलेला तो ऐवज. उचलायला चार माणसं लागतात, आणि 'सांभाळून, सांभाळून' ओरडायला पाचवा. शंभर वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्राने गावाचा जुना रस्ता गिळला, तेव्हा तो पुन्हा आत येऊ नये म्हणून हा लांबलचक कठडा बांधला. समुद्राने ते ऐकलं. गावाने मात्र त्याचा अर्थ असा लावला, की आता आपण बाहेर यायचं. तेव्हापासून गावातली निम्मी लग्नं कठड्यावर ठरलीत, उरलेली निम्मी तिथेच मोडलीत, आणि 'फिरायला जाणं' याला आमच्याकडे 'कठड्यावर जाणं' एवढंच म्हणतात. पहिला बाक बसवला तो बँडस्टँडच्या समोर. शताब्दीची पाटी त्याच्याच शेजारी लागणार होती.

मी नगरपालिकेच्या कठडा विभागात आहे. खरं तर मीच कठडा विभाग आहे. त्यामुळे साहेबांनी विभागाची बैठक घेतली तेव्हा मी एकटाच खडसावला गेलो.

"बोल्ट तोडलेले नाहीत," साहेब म्हणाले. "पान्याने सोडवलेत. पाना कोणाकडे असतो?"

पाना रंगाऱ्याकडे असतो. तो दर वर्षी बाक सुटे करतो, गंज खरवडतो, हिरवा रंग देतो आणि पुन्हा आवळतो. रंगाचे इतके थर साचलेत की आत लोखंड आहे ही आता श्रद्धेची बाब आहे. आमचा रंगारी कामाला वाघ, बोलायला दगड. कित्येक वर्षं हंगामी राबून पुढच्या महिन्यात तो कायम होणार होता.

त्याला बोलावलं.

"बाक मी विकला नाही, साहेब."

"मग कुठेय?"

रंगारी समुद्राकडे बघत राहिला. साहेबांनी समुद्राकडे बघितलं. मीही बघितलं. तिथे बाक नव्हता.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत बाक जागेवर आला नाही," साहेब म्हणाले, "तर तू घरी. आणि मग पोलीस विचारतील."

रंगाऱ्याने मान डोलावली. जणू त्याला हे आधीच माहीत होतं.

२. आत्या मोजायला लावते

माझी आत्या गणित शिकवायची. पण तिची कीर्ती गणितातली नव्हे, परीक्षेतली. ती वर्गात पर्यवेक्षक म्हणून शिरली की हुशार मुलांनाही आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागायचं. निवृत्त झाल्यापासून तिला पकडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती मला पकडायची.

"विभाग," ती मला याच नावाने हाक मारते, "त्या रंगाऱ्याने चोरी केली असेल असं वाटतं तुला?"

"नाही. पण मग तो बोलत का नाही?"

"न बोलणारा मुलगा दोन प्रकारचा. एक, उत्तर येत नाही म्हणून. दुसरा, उत्तर येतं पण शेजाऱ्याला वाचवायचंय म्हणून. चल, दाखव."

शुक्रवारी सकाळी ती बोल्टांच्या भोकांपाशी उकिडवी बसली. एका भोकातून कसलंसं रोप वर आलं होतं. चांगलं वीतभर, आणि वर दोन पिवळी फुलं.

"हे काल उगवलं का रे?"

"नाही वाटत."

"म्हणजे बाक जाऊन महिने झाले. आणि या गावात भरतीला उशीर झाला तरी तुझ्याकडे अर्ज येतो. बाकाचा अर्ज का नाही आला?"

मी विचार केला. विभागात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

"किती बाक आहेत एकूण?"

"चाळीस." हे गावातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

"मोज."

"अगं, एक गेलाय. एकोणचाळीस असणार. मोजायचं काय त्यात?"

आत्याने माझ्याकडे परीक्षेतल्या नजरेने बघितलं. मी मोजायला गेलो.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले. मग मला शंका आली म्हणून परत येताना उलटे मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

बाक चाळीस होते. एक नाहीसा झाला होता, आणि एकही कमी नव्हता.

३. दोन उत्तरपत्रिका

"झकास," आत्या म्हणाली. तिला असं आनंदलेलं मी यापूर्वी फक्त एकदा, एका मुलाच्या पायमोज्यातून प्रमेय निघालं तेव्हा बघितलं होतं.

कठड्यावर दिवसभर असतात ती दोनच माणसं. एक काटेवाल्या काकू. त्यांचा वजनकाटा माणसाइतका उंच, वर तबकडी आणि घंटी. वर उभं राहिलं की टण्ण वाजतो. ज्यांना वजन लपवायचंय त्यांच्यासाठी जरा जोरातच. दुसरा कणीसवाला. त्याच्या शेगडीचा धूर इतका ठरलेला, की गावातले लोक अंतर धुरात मोजतात. 'कणसापर्यंत जाऊन येतो' म्हटलं की घरच्यांना किती वेळ लागेल ते कळतं.

"काय म्हणतो धंदा?" आत्याने काकूंना विचारलं.

"धंद्याला काय धाड भरलीय, ताई! पण गाव बिघडलंय. वर्षभरात जो येतो तो जड. शिंपी जड, पोस्टमन जड. पोस्टमनसुद्धा! मला म्हणतात काटा बिघडला. मी स्वतः चढले. मी आहे तेवढीच आहे. मी तर चालतच नाही, मी कशाला बदलू?"

"आणि काटा पहिल्यापासून इथेच?"

काकूंनी पदर सारखा केला. "सासऱ्यांच्या वेळेपासून, एक बोट इकडचा तिकडे नाही."

मग आम्ही थोडं पुढे कणीसवाल्याकडे गेलो. तो एके काळी आत्याचा विद्यार्थी होता, म्हणून आम्हाला बघताच त्याने हात मागे लपवले.

"हात पुढे घे. कणीस आहे ते, चिठ्ठी नाही. किती वर्षं इथे उभा राहतोस रे?"

"वडिलांच्या वेळेपासून, बाई. एक बोट इकडचा तिकडे नाही."

आत्याने कणीस घेतलं, खात खात पुढे निघाली. बरंच चालल्यावर ती एकदम थांबली. तिथे कठड्याच्या दगडावर काजळीचा मोठा काळा डाग होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराचा, घासून जाणारा नव्हे.

"इथे शेगडी होती," मी म्हणालो. मला अधूनमधून सुचतं.

"आणि ते?" तिने कणसाने दाखवलं. बाजूच्या काळवंडलेल्या फरशीवर एक स्वच्छ, पांढरा चौकोन. बरोबर वजनकाट्याच्या बुडाएवढा. आणि तिथून बँडस्टँड अगदी हाकेच्या अंतरावर.

"दोघंही खोटं बोलले!"

"खोटं तर सगळेच बोलतात. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर मी काही म्हणत नाही. दोघांचं चुकीचं उत्तर सारखं आलं, तेसुद्धा 'एक बोट इकडचा तिकडे नाही' इतकं सारखं, तर ती कॉपी. आता फक्त शोधायचं, पेपर कोणासाठी फोडला."

४. वेगवान माणूस आणि हळू माणूस

एवढ्यात कोपर हलवत प्रभातफेरी मंडळाचे अध्यक्ष आले. ते संध्याकाळीही प्रभातफेरी काढतात.

"ऐका ऐका!" ते जागच्या जागी पाय मारत म्हणाले. "जिन्यापासून कणसापर्यंत! गेल्या वर्षी जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात! सत्तरीत! लोक विचारतात रहस्य काय. मी म्हणतो, कोमट पाणी."

"आणि वजन?" आत्याने विचारलं.

अध्यक्षांचे पाय थांबले. "ते... जरा वाढलंय. स्नायू असतील."

"असतील. वाटेत कोणी भेटतं?"

"बँडमास्तर भेटतात की रोज. मी त्यांना सपाट्यात मागे टाकतो. फार खचले हो. आधी बरे चालायचे, आता मुंगीचं पाऊल. बघवत नाही."

अध्यक्ष गेले. आत्या त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाली, "मास्तरांकडे जाऊ."

पूर्वी दर रविवारी संध्याकाळी बँडस्टँडमध्ये बँड वाजायचा आणि बँडमास्तर समोर उभे राहून छडी फिरवायचे. मग मोठा भोंगा वाजवणारा निवृत्त झाला, आणि तेवढा श्वास पुन्हा गावात कोणाकडे सापडला नाही. बँड बंद पडला. मास्तर मात्र रोज संध्याकाळी बँडस्टँडसमोरच्या बाकावर जाऊन बसायचे आणि बाकाच्या उजव्या दांडीवर छडीने ताल धरायचे. त्या दांडीवर रंग म्हणून टिकला नाही.

मास्तरांचं घर कठड्याच्या जिन्याखालच्या गल्लीत. त्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. दार उघडून त्यांनी आधी खुंटीवरच्या रेनकोटाला 'या, बसा' म्हटलं आणि मग आम्हाला. चहाला आम्ही नको म्हणेपर्यंत ते तरातरा आत गेले, स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढला आणि तिघांचा चहा घेऊनही आले. आत्याने बशीत चहा ओतायचं थांबून त्यांच्या पायांकडे बघितलं.

"मास्तर, बाकावर जाता अजून?"

"जावंच लागतं. लेकीशी करार आहे माझा. ती राहते लांब, तिथे समुद्रच नाही, नुसतीच जमीन. गेल्या हिवाळ्यात कठड्यावर मला धाप लागली, तर ती म्हणाली, ज्या दिवशी एकट्याला बाकापर्यंत जाता येणार नाही, त्या दिवशी घर बंद करून माझ्याकडे. मी म्हटलं कबूल. उद्या येतेय ती शताब्दीला."

"काल गेला होतात?"

"गेलो की. बसलो तासभर."

माझ्या हातातला चहा पायावर सांडला. आदल्या दिवशी त्याच बाकाच्या अभावावर साहेब बसले होते.

"रस्ता सापडतो?" आत्याने शांतपणे विचारलं.

"त्यात काय? जिना चढायचा. आधी काकूंची घंटी, मग कणसाचा धूर, मग माझा बाक. निघताना मनात सलामीची धून सुरू करतो. दोन भाग आहेत तिचे." ते जरा हसले. "हल्ली दुसरा भाग वाजवायला मिळत नाही. म्हातारपणी सगळंच लवकर संपतं."

५. काय बदललं

शनिवारी दुपारी आत्याने सगळ्यांना कणसाच्या गाडीपाशी जमवलं. साहेब, रंगारी, काकू, कणीसवाला. अध्यक्ष आपोआप आले.

"गाव वर्षभरात जड झालं," आत्याने सुरुवात केली. तिच्या हातात खडू नव्हता, पण तो दिसत होता. "आणि अध्यक्ष वेगवान झाले. जड माणूस दुप्पट वेगाने चालायला लागला, तर तीन शक्यता. एक, चमत्कार. दोन, कोमट पाणी. तीन, अंतर कमी झालं."

अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला.

"सगळं गाव कणसापर्यंत चालतं. कणीस जिन्याकडे सरकलं, गावाचं चालणं घटलं. काटा पण सरकला. पण दर वेळी इतका थोडा, की कोणाला कळलं नाही. आता दोघांचा क्रम कशासाठी सांभाळायचा? तर ज्याला दिसत नाही, जो घंटीवरून आणि धुरावरून वाट काढतो, त्याच्यासाठी. आणि धुरानंतर काय येतं?"

ती गाडीच्या पुढच्या बाकाकडे गेली आणि त्याच्या उजव्या दांडीवर बोट ठेवलं. बाकी सगळा बाक हिरवागार. दांडीवर मात्र चकचकीत, उघडं लोखंड.

"साहेब, हा तुमचा बाक. चाळिसातच होता. खुर्च्या बदलल्या म्हणून मुलं कमी होत नाहीत."

साहेबांनी बाकाला हात लावून बघितला. मग मागे नीट बघून त्यावर बसले.

रंगाऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मास्तरांना धाप लागली ना, त्या दिवशी मी इथेच होतो. म्हणाले, रंगाऱ्या, मला त्या जमिनीत नाही जायचं. रंगासाठी बाक सुटा केलेलाच होता. परत ठेवताना पहारीने रेटत दिव्याचा एक खांब अलीकडे आणला."

"मग वास चुकायला लागला," कणीसवाला म्हणाला. "म्हणून मी सरकलो."

"मग घंटी चुकायला लागली," काकू म्हणाल्या. "मी काय एकटी तिकडे बसू?"

"एकदाच सरकलात. मग इथपर्यंत कसे?" आत्याने कणीसवाल्याला विचारलं.

"दर महिन्याला ते आणखी हळू चालायला लागले, बाई. मग आम्ही आणखी अलीकडे."

साहेबांनी दांडीवरच्या उघड्या लोखंडावरून बोट फिरवलं. नवे असले तरी मनाने वाईट नव्हते. "पण पाटी बँडस्टँडसमोर लागणार. बाक तिथेच हवा. तिथे नेला तर मास्तर पोहोचणार नाहीत. नाही नेला तर या रंगाऱ्याला मी वर काय म्हणून वाचवू?"

"न्या साहेब तिथे," रंगारी म्हणाला, "पण आजच्या दिवस राहू द्या. त्यांची लेक यायचीय. बाक विकला असं लिहा पाहिजे तर."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. आत्याने मात्र नाही लावला. "अजून एक प्रश्न सुटायचाय," ती म्हणाली. "घरात तरातरा चालणारा, स्टुलावर चढणारा माणूस कठड्यावर मुंगीच्या पावलाने का चालतो?"

"मी सांगतो," मागून आवाज आला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर छडी टेकून बँडमास्तर उभे होते.

६. सलामीची धून

"अहो, मी बँडमास्तर," ते म्हणाले. "गल्ली चुकेन, ताल कसा चुकेन? धून संपायच्या आत बाक आला, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, पोरांनी लोखंडाचं धूड उचललं माझ्यासाठी. आता आपण भसाभस जाऊन बसलो तर त्यांना काय वाटेल? कशाला उगाच सरकवला, असं वाटेल. म्हणून जरा पाय आवरले. त्यांच्या कष्टांचा मान राखायला."

समुद्र तेवढा बोलत होता, पण तो कायमच बोलतो.

"म्हणजे तुम्ही हळू चाललात," मी सावकाश म्हणालो, "म्हणून यांना वाटलं तुम्ही खचलात. म्हणून यांनी बाक जवळ आणला. म्हणून तुम्ही आणखी हळू."

"अजून वर्षभराने," आत्या म्हणाली, "मास्तर घरात बसले असते आणि बाक त्यांच्या मांडीवर."

"पण ती धाप?" रंगाऱ्याने विचारलं.

"सर्दी होती रे मला."

रंगारी मटकन बाकावर, साहेबांच्या शेजारी बसला. एरवी बसला नसता.

"तिथपर्यंत जमेल, मास्तर?" आत्याने बँडस्टँडकडे तोंड करून विचारलं. इथून तो लांब, मिठाच्या दाण्याएवढा दिसत होता.

मास्तरांनी छडीने पुढची फरशी चाचपली. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "वर्षभर गेलोच नाही ना."

त्यांनी छडी वर केली. ती छडी वर गेली की पूर्वी सगळं गाव गप्प व्हायचं, आताही झालं. मग ते चालायला लागले.

मागोमाग बाक निघाला. एका बाजूला रंगारी आणि मी, दुसऱ्या बाजूला कणीसवाला आणि साहेब. साहेबांनी कोट काढून बाकावर ठेवला होता. 'सांभाळून, सांभाळून' ओरडायला अध्यक्ष. मागे आत्या आणि काकू काटा ढकलत होत्या. प्रत्येक फरशीच्या सांध्यावर तो टण्ण वाजायचा. कणसाची गाडी, कणीस खायला आलेल्या शिंप्याने आपणहून ओढायला घेतली. त्याला वजन कमी करायचं होतं.

निघालो तोच जिन्यावरून हाक आली. हातात बॅग घेऊन मास्तरांची लेक उभी होती.

"बाबा! हे काय चाललंय?"

"फिरायला चाललोय. येतेस?"

"आपलं एकट्याने जायचं ठरलं होतं!"

"मी एकटाच चाललोय, बाळ. हे सगळे आपापल्या कामाला चाललेत."

लेकीने आमच्या मिरवणुकीकडे बघितलं. साहेब घामाने थबथबलेले, घंटी वाजतेय, धूर निघतोय. तिने बॅग काट्यावर ठेवली आणि बापाच्या शेजारी, पण हात न धरता, चालायला लागली. तिचा हात मात्र पूर्ण वेळ वीतभर अंतरावर होता.

मास्तर गुणगुणत होते. पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला. वर्षभरात तो कोणी ऐकला नव्हता. त्यात मध्येच एक अवघड जागा आहे, तिथे श्वास घ्यावा लागतो. मास्तर थांबले. छडी फरशीला टेकली. लेकीचा हात पुढे आला.

"खाली ठेवा," आत्या पुटपुटली.

आम्ही बाक खाली ठेवला, बरोबर त्यांच्या मागे. मास्तर मागे न बघता बसले. या वेळी बाक होता.

त्यांनी उजवीकडच्या दांडीवर हात फिरवला.

"करार बाकापर्यंतचा होता ना?" ते लेकीला म्हणाले. "पोहोचलो."

"बाबा, ही लबाडी आहे."

"आहे. आता दुसऱ्यांदा पोहोचून दाखवतो."

ते उठले. दुसरा भाग होता तिथून उचलला आणि बँडस्टँडच्या पायरीला छडी लागली तेव्हाच संपवला. काकूंनी काटा पांढऱ्या चौकोनावर आणला. शेगडी काळ्या डागापाशी गेली. लेक कठड्यावर बसून रडत होती आणि कणीस खात होती. दोन्ही एकदम करणं सोपं नसतं. "पुढच्या वर्षी पुन्हा बघायला येणार आहे मी," तिने बापाला बजावलं. म्हणजे हे वर्ष मास्तरांचं.

साहेबांनी हाताचे फोड बघत रंगाऱ्याला सांगितलं, "बाक दुरुस्तीसाठी हलवला होता, असं माझ्या लक्षात आलंय. पुढच्या महिन्यात कायम झालास की पहिलं काम, त्या मधल्या जागेवर एक बाक. एक्केचाळिसावा. माणसाला वाटेत बसावंसं वाटतं."

अध्यक्ष एकटेच खिन्न होते. "म्हणजे विक्रम गेला," ते कणीसवाल्याला म्हणत होते. "निदान अर्ध्यावर तरी नाही का राहता येणार तुला?"

रंगाऱ्याने पिवळ्या फुलांचं रोप मुळासकट काढून बाजूच्या फटीत लावलं. बाक भोकांवर बसवला, खिशातून पाना काढला आणि बोल्ट आवळायला घेतले. पहिला करकरून बसला. दुसरा बसला.

मास्तर बाकावर टेकले होते. त्यांनी छडीने त्याच्या खांद्याला हलकेच टोचलं.

"रंगाऱ्या," ते हळूच म्हणाले, लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "फार घट्ट नको आवळूस."